बंदुकीचा कान आणि स्टोव्हची पिन

मेहमुदाभाभीच्या दुकानात गेलं की आधी आपली लायकी निघते, मग वस्तू दुरुस्त होते. हा क्रम कधी चुकत नाही.

"शिट्टी होत न्हाय म्हणता? वैनी, हिच्यात गेल्या दिवाळीची डाळ बसलीया. गळा दाबल्यावर कोण शिट्टी मारंल?"

हे ती चार गिऱ्हाइकांदेखत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते. माणूस शरमेनं खाली बघतो, तेवढ्यात कुकर दुरुस्त झालेला असतो.

दुकान म्हणजे आमच्या निशाण तालमीच्या भिंतीला टेकवलेली आठ बाय दहाची खोली. छताला मिक्सरची भांडी लटकलेली, भिंतीला गॅसचे बर्नर, आणि कोपऱ्यात ज्यांचे मालक बहुधा देवाघरी गेले असावेत असे इस्त्रीचे सांगाडे. पाटीवर अजून नवऱ्याचं नाव आहे, 'दिलदार शिकलगार'. दिलदारभाईंना जाऊन चार वर्षं झाली. माणूस नावाला जागणारा होता. दुकानातलं सगळं काम त्यांनी मोठ्या मनानं बायकोला देऊन टाकलं होतं आणि स्वतःकडे फक्त गप्पा ठेवल्या होत्या.

या घराकडे दुकानापेक्षा मोठी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तालमीच्या बंदुकीचा मान.

तालमीत भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर एक तोड्याची बंदूक आडवी टांगलेली आहे. लांबीला माणसापेक्षा चार बोटं जास्त, आणि स्वभावानं, भाभीच्या मते, सासूसारखी. म्हणजे काम कमी आणि देखभाल फार. तिच्या वयाबद्दल गल्लीत माणशी एक मत आहे. आण्णा वस्ताद, तालमीतले सगळ्यात थोरले, वय ब्याऐंशी, तिला थेट पन्हाळ्याच्या वेढ्यात नेऊन उभी करतात. भाभी म्हणते, "माझ्या सासऱ्याच्या आज्ज्यानं घडवली. पन्हाळ्याला कसली जातीया? हिला दारापतूर न्यायची तर दोन गडी लागत्यात."

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळीकडे हत्यारांची पूजा होते. आमच्या गल्लीत पूजेनंतर तालमीच्या पटांगणात या बंदुकीचा एक बार होतो. गोळी नाही, नुसती दारू, नळी आभाळाकडे, आणि पोलिसांची रीतसर परवानगी. चाप ओढायचा तो शिकलगारांच्या घरच्यानंच. तो बार लागल्याशिवाय आमच्याकडे दसरा लागत नाही. कॅलेंडर काहीही म्हणो.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तीन वर्षांत 'तोड्याची बंदूक' हे शब्द मी पन्नासेक वेळा तरी उत्तरपत्रिकेत लिहिले असतील. ती उडते कशी, हे मला ना कुणी विचारलं, ना मी कुणाला. ते मला मेहमुदाभाभीनं माझ्याच स्वयंपाकघरात शिकवलं, शेगडी दुरुस्त करायला आली होती तेव्हा.

तिनं माझं लाटणं उचललं. "ही नळी. मागनं बंद, म्होरनं उघडी. तोंडातनं दारू घालायची, गजानं ठासायची, वर गोळी. झालं पोट भरलं. आता ह्याला पेटवायचं कसं? तोंडाकडनं पेटवाया गेलं तर आपलंच तोंड जाईल."

मग तिनं हिंगाच्या डबीचं झाकण लाटण्याच्या बुडाशी, उजव्या अंगाला धरलं. "ही वाटी. हिला बंदुकीचा कान म्हणायचं. कानात सुईएवढं भोक, ते थेट पोटात जातंय. वाटीत चिमूटभर बारीक दारू घालायची, ती रंजक. रंजक पेटली की आग भोकातनं आत जाती आणि धाड."

"आणि रंजक कोण पेटवतं?"

"उदबत्ती हाय का?"

मी देवघरातली उदबत्ती आणून दिली. तिनं ती चिमट्यात धरली. "हा तोडा. सुताची दोरी, सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. ज्योत न्हाय, निखारा. उदबत्तीगत नुसता धुमसत ऱ्हातोय. बंदुकीवर असाच चिमटा असतोय, त्यात तोडा अडकवायचा. खाली चाप हाय, तो वर दाबला की आतली दांडी फिरती, चिमटा म्होरं वाकतोय आणि निखारा वाटीत. बागेत पोरं खेळत्यात न्हवं, फळीच्या एका टोकाला बसलं की दुसरं वर? तेवढंच डोकं हाय ह्यात."

आणि तिनं खरंच उदबत्ती हिंगाच्या झाकणात टेकवली. शेगडी राहिली बाजूला. त्या दिवशी आमच्या घरात हिंगाचा जो धूर झाला, त्यावरून आमचे हे अजून बोलतात.

मी माझं पुस्तकी ज्ञान पाजळलं. म्हटलं, पोर्तुगीज अशा बंदुका घेऊन किनाऱ्याला आले, पुढे चकमकीच्या बंदुका निघाल्या, गारगोटीची ठिणगी पाडणाऱ्या. तरी आपल्याकडची माणसं दोनेकशे वर्षं तोड्यालाच धरून बसली. आमचे सर म्हणायचे, हा आपला मागासपणा.

"सरांच्या घरात मिक्सर कुठला हाय?" भाभीनं विचारलं.

"मला काय माहीत?"

"नवा असंल तर त्यातलं कार्ड जळलं की फेकायचा. तुमचा ह्यो जुना मी वीस वर्षं चालवतोय. चकमकीला कमान लागती, म्हंजी स्प्रिंग, बारके स्क्रू लागत्यात, चांगली गारगोटी लागती. मोडली की बसा बोंबलत. तोड्याला काय? सुताची दोरी आणि गावचा लोहार. मागास कोण, ते सरांना इचारा."

सर आता नाहीत. असते तरी मी विचारलं नसतं. पण तेव्हापासून ती दोनशे वर्षं मला वेगळी दिसायला लागली. तोट्यांची यादीही भाभीकडे तयार होतीच. पावसात तोडा विझतो. अंधारात निखारा लांबून दिसतो. वास तर शत्रूला आधीच कळवतो. "आणि कमरंला दारूचं शिंग बांधून हातात निखारा घेऊन पळायचं. असल्या माणसाला पोरगी कोण देत हुतं, अल्ला जाणे."

दिलदारभाई गेल्यावर बार कुणी करायचा, हा प्रश्न आला. मुलगा फराज पुण्यात कंपनीत आहे. हुशार आहे, पण त्याला फुलबाजीचीही धास्ती. तालमीत कुजबुज झाली, बाईमाणसाच्या हातात बंदूक कशी द्यायची? आण्णांनी एका वाक्यात ती मिटवली. "दिलदार नुसता चाप वढायचा. दारू मोजायची हीच, तोडा वळायची हीच, नळी धुवायची हीच. आता चापबी हिनंच वढला तर बोटं झडत्यात काय?"

दोन वर्षं बार झकास झाला. तिसऱ्या वर्षी ऐन वेळी पावसाची सर आली. तोडा चिमट्यात असतानाच विझला. भाभी फुंकर मारत राहिली, गल्ली ताटकळत राहिली, आणि शेवटी विश्वजितनं मोबाईलवर तोफेचा आवाज लावला. लोक हसले. भाभी हसली नाही.

विश्वजित हा तालमीचा अध्यक्ष. मोबाईलचं दुकान आहे त्याचं, आणि बोलताना दोन्ही हात असे फिरवतो की समोरच्याला चहाचा कप सांभाळावा लागतो. मुलगा वाईट नाही. फक्त त्याला जुनी गोष्ट दिसली की तिला लाईट लावावीशी वाटते. तालमीवर नवा हॉल बांधला, तेव्हा त्यानं तिथं काचेचं मोठं कपाट करून घेतलं, आतून निळ्या-हिरव्या दिव्यांचं. आणि गेल्या नवरात्राच्या आधी सभेत जाहीर केलं, की बंदूक आता काचेत जाणार. बार करायला त्यानं गॅसवर चालणारं यंत्र मागवलं होतं. रिमोटचं बटण दाबलं की धाड. पाहिजे तेवढ्या वेळा.

"पाऊस असू दे, काय असू दे," हात फिरवत तो म्हणाला. "आणि काचेत ठेवायची म्हणजे सेफ्टी बघायला पायजे. कानाचं भोक वेल्डिंगनं बुजवून टाकायचं. चाचीच करतील की, घरचंच काम हाय."

मी दारात उभी होते. मेहमुदाभाभी आत बसली होती. तिनं नुसतं भिंतीवरच्या बंदुकीकडे बघितलं. मग म्हणाली, "कान बुजवल्यावर ती बंदूक ऱ्हातीया काय रं? नळ हुतोय त्येचा. त्यातनं पाणी सोड."

आण्णांनी निवाडा दिला. या खंडेनवमीला एक बार. लागला, तर बंदूक खुंटीवर आणि मान शिकलगारांकडे. नाही लागला, तर काचेत, आणि कान बंद. विश्वजितनं मान डोलावली. भाभीनं डोलावली नाही. ती दुसऱ्या दिवशी सूत आणायला गेली.

तिच्या दुकानात ऊन येत नाही, म्हणून तोडा वाळायला आमच्या गच्चीवर. वळायला मीही बसले. चाळीस वर्षं वाती वळते आहे, मला वाटलं हे डाव्या हातचं काम. भाभीनं माझी दोरी उचलून उन्हात धरली.

"वैनी, हे काय?"

"तोडा."

"ही समईची वात हाय. मऊ, देवभोळी. तोड्याला पीळ घट्ट पायजे, न्हायतर निखारा मधीच झोपतोय. उकला."

तीन वेळा उकलून घेतलं. चौथ्यांदा तिनं काही न म्हणता दोरी बाजूला ठेवली, यालाच तिच्याकडे शाबासकी म्हणतात. वाळल्यावर एक तुकडा आम्ही गच्चीच्या कठड्यावर पेटवून ठेवला. वीतभर तोडा जळायला पाऊण तास. वाऱ्यावर विझला नाही. मी मुद्दाम ओला हात झटकला, तरी विझला नाही. पुन्हा पाऊस आलाच तर असावी म्हणून भाभीनं चिमट्यावर धरायला पत्र्याची एक छोटी छत्रीही करून ठेवली. म्हणजे शत्रू कुठून येणार, हे आम्ही दोघींनी नीट ठरवलं होतं.

तो भलतीकडून आला. आणि त्याच्यात मी होते.

रिवाज असा की बंदूक आदल्या संध्याकाळी साफ करून तालमीच्या ताब्यात द्यायची. सकाळी बायका पूजा करतात. एरवी कानावरचं सरकतं झाकण बंद असतं. या वेळी विश्वजितनं फोटोसाठी ते उघडून ठेवलं होतं, 'डिटेल' दिसावं म्हणून. गल्लीतल्या शालूबाई पूजेला पुढं. शालूबाईंची भक्ती म्हणजे हातचं न राखता केलेली. त्यांनी पाटावरच्या तलवारीला, ढालीला, विश्वजितच्या रिमोटलाही हळदकुंकू वाहिलं. मग बंदुकीकडे वळल्या. एवढ्या लांब हत्यारावर कुंकवाला गोल, खोलगट, देवानंच केलेली वाटावी अशी एक जागा होती. त्यांनी तिथं पळीभर पाणी, मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. त्यांच्यामागून आणखी चौघींनी तेच.

मी मागून बघत होते. कान मला माहीत होता, वाटी माहीत होती. सगळ्या पांगल्यावर मी हळूच गेले, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि वाटी घासून घासून पुसली. आतून अशी लखलखीत झाली की मला माझंच कौतुक वाटलं. बी.ए.चा उपयोग झाला म्हटलं एकदाचा.

अकरा वाजता पटांगण भरलं. ऊन लख्ख, एकही ढग नाही. एका बाजूला टेबलावर विश्वजितचं यंत्र, कुंकू लावून तयार. भाभी आली, डोक्यावरचा पदर खोचला, दारू मोजली, गजानं ठासली. कानात डोकावून बघितलं. वाटी स्वच्छ. रंजक टाकली, झाकण सरकवलं. तोडा फुंकून चिमट्यात बसवला, नळी आभाळाकडे केली, झाकण उघडलं आणि चाप दाबला.

फुस्स.

वाटीत झगझगीत भडका झाला, पांढऱ्या धुराचा गोळा वर गेला, आणि पुढे काही नाही.

"संपलं," विश्वजित म्हणाला आणि रिमोटकडे हात नेला.

"कुणी हालायचं न्हाय!" भाभी ओरडली. नळी वरच धरून ती तशीच उभी राहिली. मनात आकडे मोजत असावी, ओठ हलत होते. आत आग रेंगाळत असली तर बार उशिरानं उडतो, हे तिनंच मला सांगितलं होतं. मग तिनं चिमट्यातला तोडा काढून आण्णांच्या हातात दिला. "वस्ताद, लांब जाऊन उभं ऱ्हावा. विझू देऊ नगा." आण्णा ब्याऐंशी वर्षांचे, पण निखारा धरून असे उभे राहिले जसं काही पन्हाळ्याचा वेढा आत्ता पडला आहे.

विश्वजित म्हणाला, "चाची, एक बार ठरलं होतं. झाला. आता द्या इकडं, काचेत ठेवूया."

"घे की." भाभीनं बंदूक त्याच्यापुढं धरली. "पोटात दारू तशीच हाय. ठासलेली. ठेव काचेत, लाव लाईट. वेल्डिंगबी तूच कर, मी घरी जातो."

विश्वजितचे हात पहिल्यांदाच जागच्या जागी थांबले.

"रंजक जळाली," लांबून आण्णा ओरडले. "बार झालाच न्हाय! झालाच न्हाय तर चुकला कसा? हूं दे तिचं!"

भाभीनं कानाशी डोळा नेला. मग बोटाच्या नखानं वाटीच्या तळाशी खरवडलं. नख पिवळं आणि लाल.

तिनं मान वर केली आणि सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. शालूबाई प्रसन्न होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. माझ्या चेहऱ्यावर मात्र असावा.

"मी पुसलं होतं," मी म्हटलं. "वाटीत कुंकू भरलं होतं. पदरानं पुसलं."

"पुसलं न्हाय, भोकात ठासलं. वर वाटी चकाचक करून ठिवली, म्हंजी मलाबी दिसू नये. वा." आणि मग दोनच शब्द, पण असे की मला अजून ऐकू येतात. "शिकलेली बाई!"

बंदुकीच्या कुंद्याला, म्हणजे मागच्या लाकडी दस्त्याला, पूर्वी साखळीला बांधलेली एक सुई होती, कान मोकळा करायला. ती दिलदारभाईंनी कधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. दुकानात भाभी कशानं काम भागवते, हे मला माहीत होतं.

"तुमच्या पितळी स्टोव्हची पिन कुठाय?" तिनं विचारलं. "मी नवी घालून दिल्याली."

मी पळाले. पन्नाशीनंतर नऊवारीत पळणं म्हणजे काय, ते गल्लीनं फुकट बघून घेतलं. माळ्यावरचा स्टोव्ह काढायला वेळ नव्हता, पण पिन मी शहाणपणानं मिसळणाच्या डब्यामागे वेगळी ठेवली होती. पत्र्याची पट्टी, तिच्या टोकाला केसाएवढी तार. पूर्वी घराघरांत असायची.

भाभीनं ती तार कानात घातली. एकदा. बाहेर आली ती पिवळी. पदराला पुसली. पुन्हा. लाल. आत घालताना तिनं डोळे मिटून घेतले होते. स्टोव्ह साफ करतानाही ती तसंच करते, भोक बोटाला दिसतं म्हणते. तिसऱ्यांदा तार काळी आली. दारूपर्यंत पोचली होती.

तिनं नवी रंजक टाकली. आण्णांकडून तोडा घेतला. मधल्या वेळात बोटभर जळून गेला होता, पण टोक लालभडक. घट्ट पिळाचा गुण. फुंकून राख उडवली, चिमट्यात बसवला, नळी वर केली.

"शालूबाई, कान झाका. तुमचं तुमचं."

धाड!

छपरावरची कबुतरं उठली. तालमीच्या मागं बांधलेली म्हैस दावं तोडून निघाली. विश्वजितची नवी गाडी आपणहून बोंबलायला लागली आणि तिची किल्ली त्याला सापडेना. धुरातून भाभी बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर काजळी होती, आणि ती हसत होती, गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचं एकदमच.

"लागला दसरा," आण्णा म्हणाले आणि बसायला खुर्ची शोधू लागले.

बंदूक पुन्हा खुंटीवर गेली. काचेचं कपाट रिकामं ठेवणं विश्वजितला जिवावर आलं, म्हणून त्यात ते गॅसचं यंत्र ठेवलं आहे. निळ्या-हिरव्या उजेडात ते बरं दिसतं. बाहेरून आलेले पावणे त्यालाच जुनं हत्यार समजून फोटो काढतात, आणि विश्वजितही आता त्यांना फारसं अडवत नाही.

माझी पिन भाभीनं परत दिली नाही. तिला भोक पाडून, बारीक साखळी लावून बंदुकीच्या कुंद्याला अडकवली आहे.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ती बंदूक पूजेला द्यायला आली, तेव्हा मी तालमीतच होते. कानावरचं झाकण बंद, त्यावर चिंधी घट्ट बांधलेली, आणि चिंधीला दोऱ्याच्या एकावर एक सात गाठी. कुंद्यावर तिनं खडूनं एक मोठा गोल काढला होता.

"शालूबाई, कुंकू हितं. पायजे तेवढं. मडकंभर वता." मग माझ्याकडे वळली. हातातली बंदूक जरा लांबच धरली.

"आणि वैनी, पुसायचं न्हाय."